सोसायटीच्या सूचना आणि लेकीचा निबंध

परदेशातल्या कॉलेजच्या अर्जासोबत लेकीला स्वतःबद्दल निबंध पाठवायचा होता. मुदत रविवारपर्यंत होती आणि शुक्रवार उजाडला तरी विषय ठरत नव्हता. मी आमच्या कात्रजच्या सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे सल्ला द्यायला कायम मोकळा. म्हटलं, “माझ्यावर लिही. पार्किंगची भांडणं मी नुसत्या सूचना लावून मिटवली.”

“विषय तोच आहे, बाबा. पण तू चिडशील, म्हणून विचारत नव्हते.”

मग तिनं सांगून टाकलं. मी हातानं लिहिलेल्या सूचना टाइप करताना ती गेली तीन वर्षं त्यातले टोमणे काढून टाकत होती. ‘ज्यांना स्वतःची जागा दिसत नाही, त्यांनी डोळे तपासून घ्यावेत’ असं मी लिहायचो. फलकावर लागायचं, ‘कृपया आपल्याच जागेत गाडी लावावी. धन्यवाद.’ फलक मी कधी वाचलाच नाही. स्वतःचं लिखाण मला पाठ असतं.

म्हणजे शेजारी मला हसून नमस्कार करायचे, ते माझ्या लेखणीच्या धाकानं नव्हे!

“लिहू ना?” तिनं हळूच विचारलं.

“लिही,” मी म्हणालो, “पण माझी मूळ वाक्यं पूर्ण घाल. निदान तिकडे तरी कुणी वाचेल.”