अतार आले का?

"नाव पुसलंस कावून?"

"पुसलं न्हाई अम्मा, बदललं."

"एकच की ते. काल पाटीवर होतं, आज न्हाई."

"जरा हळू बोल. बाजार भरलाय."

"म्हणून तर बोलायलेय."

खातूनबी आणि तिचा लेक यासीन घरात दखनीत बोलत. भांडणंही दखनीतच होत आणि बहुतेक दाराच्या आत मिटत. आज मात्र ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून मराठीत भांडत होती, तेही ठरवून. शेजारचा चपलांचा दुकानदार, समोरचा चहावाला, रस्त्यावर वांगी मांडून बसलेल्या बाया, सगळ्यांना कळलं पाहिजे, सगळे साक्षीदार झाले पाहिजेत. चौसाळ्याच्या बाजारात साक्षीदारांचा तोटा नसतो.

दुकानाच्या कपाळावर 'अत्तार कुंकू भांडार' अशी पत्र्याची पाटी होती. नवऱ्यानं, इस्माईलनं रंगवून घेतलेली. तिच्या जागी आज सकाळी चकचकीत फ्लेक्स लागला होता: 'ओंकार पूजा साहित्य'.

"ओंकार कोण रे? तुझा चुलता का मामा?"

चपलांचा दुकानदार हसला. यासीनचे कान लाल झाले.

"अम्मा, तू गल्ल्यावर बसत न्हाईस, मी बसतो. तुळजापूरच्या गाड्या थांबतेत हितं. मागल्या नवरात्रात एक बाई उतरली. कापूर घेतला, नाडा घेतला, अष्टगंध घेतलं. पैसे काढता काढता वर बघितलं आन् समदं हाय तसं ठेवून दिलं. बोलली काईच न्हाई. बोलली आसती तर बरं झालं आसतं."

असली बाई खातूनबीनंही पाहिली होती, एकच नाही.

"एकीसाठी पाटी बदलतेत व्हय?" एवढंच ती म्हणाली.

"एक आसती तर बदलली नसती."

खातूनबी माहेरची बागवान. अंबाजोगाईहून लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला फळांचा वास माहीत होता, कुंकवाचा नव्हता. इथे सासरा डोक्यावर लाकडी पेटी घेऊन वाड्यावस्त्या फिरायचा. पेटीत कुंकू, बुक्का, हळकुंडं, नाडापुड्या, मुंडावळ्या आणि अगदी तळाशी अत्तराच्या चार कुप्या. सासऱ्यानंच तिला कुंकू वस्त्रगाळ करायला शिकवलं. तिचे हात मनगटापर्यंत लाल व्हायचे. नमाजाच्या वेळी लिंबाची फोड चोळून चोळून धुवायचे, तरी नखांच्या कडा लाल राहायच्याच. माहेरी गेली की बहिणी चिडवायच्या, "आली बघा मेंदीची नवरी."

स्वतःच्या कपाळावर तिनं कधी कुंकू टेकवलं नाही. पण पंचक्रोशीतली कितीतरी कपाळं तिच्या हातच्या कुंकवानं नवरीची झाली होती, आणि त्यात सगळ्यात जुनं घर सटवाचं.

सटवा मेंढपाळ. गावाबाहेरच्या माळावर त्याची वस्ती. या घरात लग्नाचं कुंकू विकत आणत नाहीत. अत्तारानं ते घेऊन यायचं. हळदीच्या दिवशी घरातला कर्ता माणूस खांद्यावर घोंगडी टाकून मांडवाच्या मधोमध उभा राहतो आणि हाक मारतो, "अतार आले का?" मांडवाच्या दाराशी कुंकवाची लाल पुरचुंडी घेऊन उभा असलेला अत्तार ओ देतो, "आले, कुंकू घेऊन आले." मगच पहिली हळद लागते. ओ आल्याशिवाय कुणी हळदीला हात लावत नाही, मग वाजंत्री कितीही घाई करोत. अत्ताराला लुगडं मिळतं, पहिल्या पंगतीत पान मिळतं. पूर्वी सासरा ओ द्यायचा, मग इस्माईल देऊ लागला.

इस्माईल ऐन उमेदीत गेला. यासीन तेव्हा मांडीवर होता. त्याच हंगामात सटवाच्या बहिणीचं लग्न निघालं. खातूनबी पुरचुंडी घेऊन मांडवाच्या दाराशी गेली, तर पाहुण्यातली एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "रांडवबाईच्या हातचं कुंकू नवरीला लावता व्हय?"

खातूनबी तिथंच थिजली. तेव्हा सटवाची आई, गुडघ्यांनी अधू झालेली म्हातारी, बसल्या जागेवरून बोलली, "रांडवबाईचं कुठलं? अताराचं कुंकू हाय ते. अतार कुठं मेलाय?" आणि लेकाकडे वळून, "सटवा, हाक मार."

सटवानं हाक मारली. खातूनबीनं ओ दिली. आवाज कापला, पण गेला शेवटपर्यंत. तेव्हापासून या घरच्या प्रत्येक लग्नात तिनंच ओ दिली. यासीन मोठा झाला तरी मांडवाच्या दाराशी उभं राहायला लाजायचा. "तूच दे अम्मा, तुझा आवाज चांगला हाय," म्हणायचा.

भांडणाच्या दिवशी खातूनबी घरी येऊन उंबऱ्यावर बसली. यासीनची मुलगी सानिया सुट्टीला आली होती. संभाजीनगरला कॉलेजात शिकणारी पोर, सतत कानात वायर. आजीचं तोंड बघून तिनं वायर काढली.

"क्या हुआ, दादी?"

"तेरे बाप ने नाम निकाल दिया."

सानियाला सगळं आधीच माहीत होतं. फ्लेक्सची अक्षरं तिनंच मोबाईलवर जुळवून दिली होती. पण ते तिनं आत्ता सांगितलं नाही. शेजारी येऊन बसली.

खातूनबीनं तिला सासरा सांगायचा ती गोष्ट सांगितली. आपला मूळ पुरुष अरबस्तानातून निघाला. त्याच्या कमरेला गुलाबाची कुपी होती. जिथे जिथे झाकण उघडलं तिथे तिथे अत्तारांचं घर झालं. शेवटचा थेंब इथे, बालाघाटाच्या डोंगरात सांडला. सासरा हे सांगताना हातवारे असे करायचा की ऐकणाऱ्याला वास यायचा.

सानिया ओठ दाबून हसली. "दादी, आदमी नै आए होंगे. नाम आया होंगा."

"नाम क्या अकेला चलके आता?"

"हौ. धंदे के साथ आता."

मग तिनं उर्दूच्या बाईंनी वर्गात सांगितलेलं सगळं आजीपुढे ठेवलं. अत्तार हा शब्द अरबी. इत्र म्हणजे सुगंध, तो विकणारा अत्तार. पण तिकडचा अत्तार नुसता सुगंध विकत नाही. त्याच्याकडे मसाले असतात, जडीबुटी असते, डोळ्यात घालायचा सुरमा असतो, मयताला लावायचा कापूर असतो. उत्तर आफ्रिकेत ट्युनिस म्हणून शहर आहे, फेस म्हणून आहे. तिथे अत्तारांचे अख्खे बाजार आहेत, शेकडो वर्षांचे. अरबांकडून हा शब्द इराणात गेला, इराणातून दख्खनच्या सुलतानांकडे आला, आणि इथे जो कुणी सुगंधाची पेटी डोक्यावर घेऊन फिरला तो अत्तार झाला. मग त्याचा बाप अरब असो, नाहीतर इथलाच कुणी माळावरचा.

"माझ्या वर्गात तिघी अत्तार आहेत," सानिया सवयीनं मराठीत आली. "एक निपाणीची, एक बार्शीची आणि मी. कुणी कुणाची नातेवाईक नाही. बार्शीवालीचे आजोबा तर देवळाबाहेर बुक्का विकायचे."

खातूनबी विचारात पडली. अरबस्तानातला मूळ पुरुष गेल्याचं तिला थोडं वाईट वाटलं. पण त्याच्या जागी दुसरंच काही उभं राहत होतं. हजारो कोसांवर कुणी एक बाई असेल, जिचे हात केशरानं पिवळे होत असतील आणि जिला लोक अत्तार याच नावानं हाक मारत असतील.

"मयत का कापूर भी?" तिनं विचारलं.

"हौ दादी."

"हम भी तो बेचते."

लग्नसराई लागली. सटवाच्या धाकट्या लेकीचं, स्वप्नाचं लग्न ठरल्याचं खातूनबीला मटकीवालीकडून कळलं. मांडवाआधी सटवाची बायको भामाबाई सांगावा घेऊन यायची, ही रीत. खातूनबीनं कुंकू गाळून ठेवलं, लाल फडकं धुऊन ठेवलं आणि वाट बघत बसली. दोन आठवडीबाजार गेले, तरी भामाबाईचा पत्ता नाही. विचारायला जावं तर मान मागून घेतल्यासारखं. खातूनबी घरातल्या घरात फेऱ्या घालू लागली.

हळद अगदी तोंडावर आली तेव्हा बाजारात आलेल्या खातूनबीला भामाबाई दिसली. शेजारच्या चपलांच्या दुकानात नवरीच्या चपला बघत होती, पाठ अत्तारांकडे. काखेतल्या प्लास्टिकच्या पिशवीतून कुंकवाचे छापील डबे डोकावत होते.

"भामे."

भामाबाई वळली. तिच्या हातातली चप्पल तशीच राहिली. "आगं बया. तू हाईस?"

"जिती हाय अजून. कुठं जाईन?"

"पुण्याला गेलतीस ना?"

"मी? पुण्याला? मी बीडला जायचं म्हणलं तरी मळमळतंय."

दोघी दुकानाच्या पायरीवर आल्या. यासीन आत गल्ल्यावर होता. भामाबाई धाडकन पायरीवर बसली आणि जे झालं ते सांगू लागली. सांगावा द्यायला ती आली होती, लेक लखनला घेऊन. तिला अक्षरओळख नाही. दुकान ती पत्र्याच्या पाटीवरून आणि पाटीखाली पायरीवर बसणाऱ्या खातूनबीवरून ओळखायची. त्या दिवशी दोन्ही नव्हतं; भांडणापासून खातूनबी पायरीवर बसतच नव्हती. लखननं रस्त्याच्या पलीकडूनच वाचलं आणि म्हणाला, आई, अतारांनी दुकान इकलं. कोण ओंकार म्हणून आलाय. बाजूच्या एका पोरानं भर घातली, गेले आसतील पुण्याला, समदे जातेत. भामाबाई तशीच माघारी फिरली, डोळे पुसत.

"एक पायरी चढून इचारायचं न्हाई?" खातूनबी म्हणाली.

"दुसऱ्याच्या दुकानात जाऊन काय इचारू?" आता भामाबाईचाही आवाज चढला. "आन् तू का सांगावा धाडला न्हाईस? माणूस मेलं तर सांगतो आपण. तुमी नाव काढलं ते कुणी सांगायचं? लखनचे वडील दोन दिस जेवले न्हाईत. म्हणले, अतार गेले, आता हाक कुणाला मारू? मुक्यानंच हळद लावा."

खातूनबी पाठीमागे बघत नव्हती, पण आत मापाचा आवाज थांबल्याचं तिला कळलं.

"मी येते की," ती घाईनं म्हणाली. "कुंकू गाळून तयार हाय. ते डबे दे दुकानदाराला माघारी. मी येते, ओ देते, झालं."

भामाबाई पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुझ्यावर रुसून बोलत न्हाई, खातूनबी. पण मान काय तुला न्हवता. मला बी न्हवता. सासू म्हणली ते तू ऐकलंस, मी बी ऐकलं. ती हाक त्या नावाला हाय. लखन आता मांडवात समद्यांपुढं म्हणंल, पाटीवर तर ओंकार हाय, मग आई, तू कुणाला बोलवायलीस? त्याला मी काय सांगू?"

"तू त्याला सांग..." खातूनबीनं सुरुवात केली आणि वर फ्लेक्सकडे पाहिलं.

भामाबाई उठली आणि दुकानात डोकावली. "यासीन."

"काय मावशी?"

"ऐकलंस ना समदं?"

"ऐकलं."

"पाटीवर तू काय बी लिव्ह. ओंकार लिव्ह, गणेश लिव्ह. गाडीतल्या लोकांसाठी आसंल, तर आसू दे. पोटाला लागतंय, मला कळतंय. आमी बी मेंढरं घेऊन परमुलखात जातो तवा कुणी काय नावानं हाक मारली तरी वळून बघतो. पण ह्या खेपेला ओ तुझ्या आईनं द्यायची न्हाई. नाव तू काढलंस, ओ तू दे. मांडवाच्या दाराशी हुबं ऱ्हायचं, पाव्हण्यारावळ्यांपुढं. लखनचे वडील हाक मारतील, अतार आले का. तू म्हणायचं, आले."

"मावशी, मला धंदा करायचाय."

"कर की. मी कुठं नको म्हणले?"

एक गिऱ्हाईक आलं, अगरबत्ती मागितली. यासीननं ती काढून दिली, सुटे पैसे परत केले आणि गिऱ्हाईक गेलं तरी हात गल्ल्यातच ठेवून उभा राहिला. त्याचे हात स्वच्छ होते. पुडीतलं कुंकू विकायला लागल्यापासून तो गाळायला बसत नसे. खातूनबीला एकदम तो मांडीवरचा वाटला, जत्रेत गर्दी बघून पदरात तोंड खुपसणारा. त्याच्यावर रागवावं की त्याला जवळ घ्यावं, तिला कळेना. मांडवात लखनचे मित्र असणार, पाहुण्यातली चार टवाळ तोंडं असणार. तिथे उभं राहून मोठ्यानं म्हणायचं होतं, मी अत्तार. हे नाव गाडीतल्या बाईनं न बोलता खाली ठेवलं होतं, आणि माळावरची ही बाई तेच मागायला आली होती.

"हळद परवा हाय," भामाबाई म्हणाली. "डबे मी अजून फोडले न्हाईत. त्यांना हाक मारू द्यायची का न्हाई, तेवढं सांग. हाक मारली आन् ओ आली न्हाई, तर भर मांडवात म्हाताऱ्या माणसाचं काय व्हईल?"

खातूनबी दारात आली. ती दखनीत बोलली नाही आणि बाजाराला ऐकू जाईल असंही बोलली नाही.

"यासीन, येशील का रे?"

यासीननं गल्ला बंद केला. दोघींच्या मधून वाट काढत तो पायऱ्या उतरला, पायात चपला सरकवल्या आणि वांगीवाल्या बायांच्या रांगेतून, कुणाकडे न बघता, घराकडे, गाळलेल्या कुंकवाकडे चालत गेला.