सुया घेऊन खर्ड्याला

दसऱ्याच्या आधी नंदाताईंचा फोन आला. खर्ड्याच्या आसपासच्या वाड्यांमध्ये आरोग्याचं काम करणारी त्यांची छोटीशी संस्था आहे. "आठ बायका तयार आहेत. दुखण्यापुरतं ॲक्युपंक्चर शिकवाल का?" मी पुण्यात हेच काम करते, लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर खर्ड्याचा किल्लाही बघायचा राहिला होता.

तुम्हालाही जायचं असेल, तर पुण्याहून पहाटेचीच एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गर्दी ठरलेली. वाटेत केडगावात आमची एसटी बराच वेळ रखडली. पुढे गाडी बदलली, तर जामखेडच्या गाडीत कंडक्टरने माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"काय हाय यात?"

"सुया. माणसांना टोचायच्या."

जामखेडपर्यंत तो माझ्याकडे फिरकला नाही. तिथून खर्ड्याला जीप मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा पाणी आणि सबुरी दोन्ही जवळ ठेवा.

पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेतले. 'वर्षभर गावात राहाल का?' हा प्रश्न मीच घातला होता. सात जणींनी 'हो' लिहिलं. मंगल नावाच्या तिशीतल्या बाईने 'नाही' लिहिलं. ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत घराला कुलूप. मी नंदाताईंना बाजूला घेऊन सांगितलं, शिकू दे तिला, पण सुयांचा डबा तिला द्यायचा नाही. सहा महिने गावाबाहेर असणाऱ्या बाईवर देखरेख कोण ठेवणार? माझा स्वभाव तसा खडूसच आहे, आणि सुयांच्या बाबतीत जास्तच.

आधी मोसंब्यांवर सराव, मग स्वतःच्या गुडघ्याखाली. कोयता धरून मंगलची बोटं इतकी घट्ट झाली होती की केसासारखी सुई चिमटीत आहे की नाही हेच तिला कळेना. दोनदा हातातून पडली. पण कुणाच्या पाठीवर हात फिरवला की नेमकी दुखरी जागा सगळ्यांत आधी तिलाच सापडायची. दुपारी हुलग्याचं शेंगुळं आणि भाकरी असायची. या भागात आलात तर शेंगुळं चुकवू नका, हॉटेलात मिळणार नाही, कुणाच्या तरी घरी जेवायला लागेल.

चौथ्या दिवशी मी सात डबे वाटले. मंगल माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मला का न्हाई, मॅडम?"

"तू गावात नसतेस, मंगल."

"मग गावात असतं कोन? म्हातारी मानसं अन् पोरं. ज्यांची कंबर मोडती, खांदं भरून येत्यात, ते समदे माझ्यासंगं उसाच्या फडावर अस्त्यात. तितं गोळ्या खाऊन परत मोळी उचलत्यात."

चार दिवस मी ज्यांच्यासाठी शिकवत होते, ती माणसं महिन्याभरात गावात नसणारच होती, आणि हे मला कुणाला विचारायलाही सुचलं नव्हतं. लाज वाटली.

डबा दिला, पण लगेच नाही. आधी तिच्याकडून एकच गोष्ट पाठ करून घेतली: सुई कधी लावायची नाही. छातीत कळ, हातपाय लुळे पडणं, ताप, पोटुशी बाई. सुईने दुखणं हलकं होतं, आजार जात नाही. वापरलेली सुई जाड डब्यात बंद करून नंदाताईंकडे परत. तिने तीनदा म्हणून दाखवलं. संध्याकाळी किल्ल्याच्या तटावर चढले. तट सुरेख आहे, उन्हं उतरताना जरूर जा. पण माझं लक्ष कुठे होतं? तिकडे फडावर सुईने कुणाला काही उलटसुलट झालं तर, हेच डोक्यात घोळत होतं. परतीच्या गाडीतही तेच.

जानेवारीत एका दुपारी मंगलचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज. राहात्याकडच्या फडावर होती.

"मॅडम, सुई न्हाई लावली."

"कुणाला?"

"आमच्या टोळीच्या मुकादमाला, परवा. डावा हात जड झाला म्हनला, घामानं पार भिजल्ता. टोच म्हनून मागं लागला. मी म्हनलं, मी हात लावनार न्हाई, दवाखाना गाठा. लई शिव्या दिल्या त्यानं. मग समद्या बायांनी मिळून जीपमधी घातला."

"आणि आता?"

"डाक्टर म्हनले, येळेत आनला. बसतुया, च्या पितुया. आज मला वहिनी म्हनला."

मला रडू आलं, लपवत नाही.

"सुया संपत आल्यात," ती म्हणाली. "रोज रांग लागती. पाठवता का?"

"पत्ता सांग."

"पत्ता कुठला? आज हितं, उद्या दुसऱ्या गावाला. पाठवायच्या आदी फोन करा, मी सांगीन."

फोन ठेवला आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म उघडला. 'वर्षभर गावात राहाल का?' हा प्रश्न खोडला. त्या जागी लिहिलं, 'यंदा कोणत्या फडावर जाणार?'