गुरुवारी शिजलेली कोंबडी

माझी थोरली जाऊ शालनाक्का भारी भित्री. दारात पोस्टमन उभा राहिला तरी ती आत पळायची. मी पुनावळ्याला नांदायला आले तेव्हा तिला फार चिडवायचे. पण पंचाहत्तर सालच्या त्या गुरुवारी मीही भ्याले, हे कबूल केलेलं बरं.

आदल्या वर्षी तिची हौसा, सहा वर्षांची पोर, घटसर्पातून मरता मरता वाचली होती. तेव्हा आक्काने दत्ताला शब्द दिला, की गुरुवारी या घरात मटण-कोंबडी शिजणार नाही. आणि तिच्या नवऱ्याच्या, भिवा भावजींच्या, कंपनीला सुट्टी नेमकी गुरुवारचीच. भावजी तीन वर्षं टेंपररी. त्यांना कायम करायचं की नाही, हे फोरमन हिंदुरावांच्या हातात. हिंदुराव स्वतःच म्हणाले होते, "गुरुवारी येतो भिवा. गावठी कोंबडी होऊ दे. अख्खी शिजवा, तुकडे नकोत."

आक्का नवऱ्याला नाही म्हणू शकली नाही. देवाला काय सांगायचं तेही तिला सुचलं नाही. सकाळी भावजींनी कोंबडी कापून, साफ करून दिली. आक्काने तिच्या पोटात वाटण भरलं, दोऱ्याने बांधली, पातेल्यात ठेवली, झाकणाच्या कडेला कणीक थापली आणि पातेलं तुसाच्या शेगडीवर चढवलं. ठासून भरलेलं भाताचं तूस पाच-सहा तास आरामात धुमसतं. चिवट कोंबडीला तेवढा वेळ लागतोच, आणि मध्ये झाकण उघडायचं नसतं.

तेवढ्या वेळात आक्काने दहादा हौसाच्या कपाळाला हात लावून बघितला.

"देव काय तुमच्या पातेल्यावर पाळत ठिवून बसलाय व्हय, आक्का?" मी म्हणाले. ती हसली नाही.

अकराच्या सुमारास हौसा गोठ्यामागून आली आणि तिने पाणी मागितलं. आवाज पार बसलेला. घटसर्पाच्या वेळी अस्साच बसला होता.

आक्का मटकन खाली बसली. माझीही सगळी चेष्टा कुठल्या कुठे गेली. पोरीला उजेडात ओढून मी चमच्याने तिची जीभ दाबली. घशात घटसर्पाचं पांढरं काही दिसेना.

"दुखतंय का गं?"

"न्हाई. मी रडत हुते," हौसा म्हणाली. "बाबांनी माझी तांबडी कापली."

तांबडी हौसाने पिल्लापासून वाढवली होती. पोर आजारी होती तेव्हा ती कोंबडी तिच्या उशाशी बसून असायची. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सकाळपासून एकालाही आठवलं नव्हतं. मग आम्ही दोघींनी काय केलं? हसलो. सुटलो बाई, एवढंच होय, म्हणून पदर तोंडाला लावून हसलो. पोर आमच्याकडे बघत राहिली. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दुपारी हिंदुराव आले. झाकण उघडलं तर मांस हाडापासून सुटत होतं. त्यांनी खुशीत तंगडी तोडली आणि शेजारी बसवलेल्या हौसाच्या ताटात टाकली. "खा पोरी." हौसा हलेना. भावजींनी डोळे वटारले, तेव्हा तिने मुकाट्याने हात पुढे केला.

"न्हाई खायाची ती," आक्का म्हणाली. तिने तंगडी ताटातून उचलली. "तिनं वाढवल्याली कोंबडी हाय, सायेब. तिच्या घशाखाली न्हाई उतरायची."

हिंदुरावांचा घास हातातच राहिला. मग ते उठले, हात धुतले आणि चहाला न थांबता निघून गेले.

भावजी पुढची दोन वर्षं टेंपररीच राहिले, आणि महिनाभर बायकोशी बोलले नाहीत. त्या दुपारी आक्का भिंतीला टेकून बसली होती, नखशिखांत कापत. "लई भ्या वाटलं गं मला," ती हळूच म्हणाली. हौसा तिच्या मांडीवर झोपली होती, आणि तिला जाग येऊ नये म्हणून आक्का आपले गुडघे दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरत होती.