एरंडेलावर चढलेला घाट

चंद्रपूर जिल्ह्यात जावई निवडताना कुणी केली नसेल एवढी चौकशी माझे साडभाऊ इंजिनातलं तेल निवडताना करत. ही अतिशयोक्ती नव्हे. त्यांच्या सुजाताला जिवतीकडच्या एका शाळामास्तराचं स्थळ आलं, तेव्हा त्यांनी एका चहात होकार देऊन टाकला. त्याच सुमारास जीपमध्ये उन्हाळ्यासाठी कोणतं तेल घालावं, यासाठी मात्र ते नागपूरच्या दुकानांतून वणवण फिरून आले आणि तरीही त्यांचं मन भरलं नव्हतं.

ही गोष्ट चौऱ्याऐंशीच्या आसपासची. साडभाऊ, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीचे यजमान, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते आणि त्यांची जीप लिलावातली, मिलिटरीची. तिच्यात त्यांनी कुण्या जमीनदाराच्या मोडीत निघालेल्या विलायती मोटारीचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं. ते आत मावेना, म्हणून जीपचं नाक वीतभर लांब केलेलं. त्यामुळे ती रस्त्याने काहीतरी हुंगत चालल्यासारखी दिसे. ताकद इतकी, की जीप सुटली की मागच्या सीटवरचा माणूस क्षणभर मागेच राहतो, असं आमच्याकडे म्हणत. पण एवढी ताकद म्हणजे तेवढीच आग, आणि वर चंद्रपूरचा मे महिना. साधं तेल त्या इंजिनात ताकासारखं पातळ व्हायचं. दाट तेल घालावं, तर थंडीत पहाटे मोहर्लीला निघताना ते काकवीसारखं थिजून बसे. या पेचावर साडभाऊ आयुष्यभर आनंदाने जगले. भर दुपारी गच्चीवर स्टीलचं ताट तिरपं ठेवून ते त्यावर निरनिराळ्या तेलांचे थेंब सोडत आणि कोणता थेंब आधी खाली पोहोचतो ते उकिडवे बसून पाहत. त्याच ताटात मी एकदा वरणभात जेवलो आहे.

“पातळ तेल म्हणजे पाहुणा,” ते मला समजावत. “आला का गेला. जाडं तेल म्हणजे जावई. एकदा बसलं का उठतच नाई. आपल्याले मधातलं पाह्यजे.”

“एवढं निरखून तं मले पाह्याले आले तवा बी नोहोतं पाह्यलं यायनं,” माझी मोठी मेहुणी आतून म्हणायची.

लग्न मुलाच्या गावी होतं. वऱ्हाडाची बस सकाळीच पुढे गेली. मागून जीपमध्ये साडभाऊ, मेहुणी, लग्नाच्या पांढऱ्या साडीतली सुजाता आणि मी. गडचांदूर सोडून घाट लागला. थोडं वर गेलो असू, तोच खालून दगड लागल्याचा ठणकन आवाज आला आणि साडभाऊंनी चटकन जीप बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. “तेलाचा काटा पडला,” ते म्हणाले. “आता एक चाक बी फिरवाचं नाई.”

तेलाच्या भांड्याला तडा गेला होता. मागे धुळीत काळी रेघ उमटलेली. जादा तेलाचा डबा ज्या जागी असायचा, तिथे मेहुणीने लाडवांचा डबा ठेवला होता! साडभाऊंनी तो उघडून पाहिला आणि परत झाकला. लग्न बाराचं होतं, ऊन चढत होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मग ते एकदम उठले. “सुजा, साबन आहे का वं तुह्या पेटीत?”

“आहे बाबा. वासाचा आहे, नवा.”

“मंग तं अजूनच बरं.” तडा कोरडा व्हावा म्हणून त्यांनी उरलेलं तेल सांडून टाकलं, जीपखाली शिरून तो गुलाबी साबण घासघासून भरला आणि तडा बुजवला.

राहिलं तेल. एव्हाना उतारावरच्या गोंडांच्या पाड्यातून एक म्हातारी बाई आमची मजा पाहायला येऊन उभी होती. बैलबंडीच्या आखाला लावायचं तेल घरात आहे, असं ती म्हणाली. कशाचं? एरंडीचं.

साडभाऊंचा चेहरा उजळला. “अरे, विलायतेत शर्यतीच्या मोटारीत हेच घालत!” आणि लगेच पडला. “पण मागून आत डिंक होते याचा. इंजिन जाम होईन.” ज्यांनी कधी परक्या डब्यातला एक थेंब त्या इंजिनाला लागू दिला नव्हता, ते माझे साडभाऊ एकदा इंजिनाकडे आणि एकदा पळसाखाली घाम पुसत बसलेल्या मुलीकडे पाहत राहिले. “आणा बाई,” ते म्हणाले.

माझ्या धुतलेल्या रुमालातून गाळून डबाभर एरंडेल आत गेलं. म्हातारी वाकून पाहत होती. “गाडीले जुलाब द्याचा हाय का, भाऊ?”

नवरीसुद्धा खो खो हसली. म्हातारीने मोबदला म्हणून काही घेतलं नाही. “लगन पायतो” म्हणून ती सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसली.

काटा वर आला आणि आम्ही घाट चढलो. मांडवापाशी जीप थांबली, तेव्हा जळक्या एरंडेलाच्या दाटून आलेल्या वासाने गावातली झाडून सारी पोरं नाक दाबून पळाली. आम्ही वेळेत होतो. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, फुलं उधळली. आणि जेवणाच्या पंगती बसल्या, तर साडभाऊ गायब.

ते शाळेमागे जीपखाली होते. “तुमी जेवून घ्या,” आतून आवाज आला. “गरम आहे तवरच निघते हे. थंडं झालं का बसलंच.” कोपरापर्यंत काळे हात करून ते एरंडेल काढत होते, रॉकेलने इंजिन धूत होते. मी हात हलवत परतलो. थोड्या वेळाने पाहिलं, तर सुजाता ताट घेऊन चाकापाशी बसली होती आणि जीपखालून बाहेर आलेल्या त्या काळ्या तोंडात घास भरवत होती.

“डाग पडन वं साडीले.”

“पडू द्या, बाबा.”

इंजिन वाचलं. पुढेही बरंच धावलं. आता ती जीप नाही आणि साडभाऊही नाहीत. पण त्या संध्याकाळी सुजाताला निरोप देताना आम्ही सगळेच रडलो, माझ्यासारखा कोरडा माणूससुद्धा. फक्त साडभाऊ तेवढे रडले नाहीत. त्यांचं ते बहुधा दुपारीच, चाकापाशी, घासागणिक उरकलं होतं.