दुखणे गालात होते, उपटले दात

आर्वीच्या बाजारात खुर्ची मांडून बसलेल्या दातवाल्याने मला फसवले. माझ्या वरच्या जबड्यातले तीन धड दात त्याने उपटले आणि दुखणे जिथल्या तिथे ठेवले. मी रुमालात बांधून नेलेले ते दात वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उलटसुलट करून पाहिले, एक्स-रे खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "दातांना काहीच झालेले नव्हते. पू गालाच्या हाडात आहे."

माझा धंदा बैलांच्या दलालीचा. दुसऱ्यांचे बैल हाकता हाकता मी तो उभा केला. बैल विकायचा तर कासरा धरून त्याच्यासोबत पळावे लागते, खूर दाखवायला वाकावे लागते. त्या हिवाळ्यात मला जबर सर्दी झाली आणि ती सरता सरता हे सुरू झाले. पाऊल जोरात पडले की उजवीकडचे वरचे दात ठणकायचे. वाकलो की सगळी ओळ खाली गळून पडेल असे वाटायचे. बसलो की थांबायचे. गार पाणी झोंबत नव्हते. भाकरी चावताना त्रास नव्हता.

रोहणा गावच्या एका गिऱ्हाइकाला गोऱ्हा पळवून दाखवताना मी मधेच गाल धरून उभा राहिलो. तो हसला. "गोऱ्हा चांगला पळते, दलाल. तुमालेच पळवून पाहा लागते." गोऱ्हा त्याने घेतला नाही. विकणाऱ्यात खोट दिसली की जनावरातही दिसते. दुसऱ्याच दिवशी मी दातवाल्याकडे गेलो.

हे सगळे मी त्याला सांगितले. त्याने फक्त दात हा शब्द ऐकला. लोखंडी काडीने ठोकून पाहिले, तर एक नाही, तिन्ही दात दुखले. "कीड मुळाशी हाय, शेठ. वरून नाई दिसत," तो म्हणाला आणि पहिला उपटला. आठवड्याने पुन्हा गेलो, कारण ठणका तसाच होता. आता त्याने शेजारच्या दोन दातांवर बोट ठेवले. मी दोन्हींचा मिळून भाव पाडला आणि तोंड उघडले. बैलाचा जबडा उघडून दोनदाती की चारदाती, म्हणजे वय किती, हे मी चालता चालता सांगतो. स्वतःच्या तोंडात मात्र मला दिसत नव्हते. ते पाहायलाच तर तो बसला होता.

दात निघाले आणि नवेच संकट आले. चूळ भरली की पाणी नाकातून येऊ लागले. चार लोकांत चहा प्यायची चोरी झाली. घरी बायकोने एकदा पाहिले, दोनदा पाहिले. "दात तोंडातले गेले अन् पानी नाकातून येऊन राह्यलं. आता त्या दातवाल्याकडे पाय ठेवू नका. वर्ध्याले चला," ती म्हणाली आणि माझ्याआधी पिशवी भरून तयार झाली.

वर्ध्याला बाकावर दुपार झाली. डॉक्टरांनी तोंड पाहण्याआधी विचारले, "चालताना छातीवर दाब येतो का? खालचा जबडा दुखतो का?" मला राग आला. दाताला आलो आणि हा छातीचे विचारतो. पण पुढे त्यांनी समजावले. श्रम करताना जबडा दुखत असेल आणि विसावा घेतला की थांबत असेल, तर कधी कधी ते हृदयाचे दुखणे असते, म्हणून ते आधी पाहायचे. दात तडकलेला असेल, तर चावताना कळ येते. माझे दोन्ही नव्हते. माझा होता सायनस. गालाच्या हाडात एक पोकळी असते आणि वरच्या दाढांची मुळे तिच्या तळाला टेकलेली असतात. सर्दीने तिथे पू साचतो, आणि पाऊल पडले किंवा वाकले की दाब मुळांवर येतो. दात उपटताना त्या पोकळीलाच भोक पडले होते.

त्यांनी पेनिसिलिनची इंजेक्शने दिली, नाकातून जाड सुई घालून पोकळी धुतली आणि मग हिरडी शिवली. पोकळी धुताना डोळ्यांपुढे अंधारी आली, पण उठलो तेव्हा डोके हलके होते. त्या डॉक्टरांचे आणि बायकोचे उपकार मी विसरणार नाही. आता मी बैलांमागे पळतो. भाकरी मात्र डाव्या बाजूनेच चावतो, आणि जन्मभर तशीच चावायची आहे.

वाचणाऱ्यांनो, चालताना, वाकताना वरचे दोनतीन दात एकदम दुखत असतील आणि नुकती सर्दी झाली असेल, तर चिमट्यापुढे तोंड उघडू नका. आधी डॉक्टर गाठा.

बरा झाल्यावर मी दातवाल्याकडे गेलो. त्याने हात झटकले. "दोन दातायचा सौदा तुमीच केला, शेठ. मी का तुमाले बलवाले आलो होतो?"

सौदा मी केला. भाव मी ठरवला. रोग कोणी ठरवला? मी विकलेला बैल जुवाखाली बसला, तर शेतकरी तो माझ्या दारात आणून बांधतो आणि मला त्याच्यापुढे उभे राहावे लागते. दातवाल्यानेही उभे राहावे. पहिला दात काढूनही ठणका हलला नाही, हे मी सांगितले होते. मग पुढच्या दोन दातांना हात का लावला, याचे उत्तर त्याने आर्वीच्या भर बाजारात, चार लोकांसमोर मला द्यावे.