बारीक तारांची उमेदवारी

सोललेल्या तारेला एक वास असतो. ऊन खाल्लेल्या प्लास्टिकचा, किंचित गोडूस, घशाशी रेंगाळणारा. भिंतीतून उडालेल्या विटकरी धुळीत तो मिसळला, की माझ्या नव्या आयुष्याचा परिमळ सिद्ध होतो! नवरा गेला, चाळिशी उलटली, घराचं छप्पर बघून बघून जीव विटला, आणि मी शाहूपुरीतल्या एका दुकानात उमेदवारीला लागले. कॅमेरे, दारावरच्या बेल, इंटरकॉम, इंटरनेटच्या वायरी. सगळं कमी दाबाच्या विजेचं काम. शॉक बसत नाही, म्हणून लोकांच्या लेखी ते कामच नाही.

या लोकांना म्हणावं तरी काय? जाऊबाई म्हणतात, "खेळण्यातला करंट त्यो, त्यात शिकायचं काय?" शेजारचे काका म्हणतात, "बाईमाणसानं शिडीवर चढायचं? शोभतंय व्हय?" अहो, एकदा ठरवा तरी, खेळणं आहे की धाडस! बारीक तारेचा स्वभाव मला विचारा. जाड तार बिघडली तर ठिणगी टाकून बोंबलते. ही मात्र जरा हिसडा बसला की आतल्या आत तुटते आणि वरून साळसूद राहते. अशा मुक्या दुखण्यांचीच काळजी अधिक वाहावी लागते. माणसांतही असंच असावं का?

आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दसऱ्यापतोर बघतो. एकटीनं केलेलं काम टिकलं तर ऱ्हावा, न्हाईतर घरी बसा." घरी बसा! पुन्हा ते छप्पर, त्या निःशब्द दुपारी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची ती कणव. नको गं बाई!

म्हणूनच उचगावच्या एका आजींच्या दारावर मी एकटीने कॅमेरा बसवला, तेव्हा हात जपून चालवला. त्यांचा मुलगा पुण्याला; आई मोबाइलवर दिसावी एवढीच त्याची इच्छा. चित्र लख्ख उमटलं. हे माझं एकटीचं पहिलं काम, असं मी हरखून आजींना सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलाचा दुकानात फोन! आई दिसतच नाही, सगळं लालेलाल. मिस्त्रींनी कपाळाला आठ्या घातल्या. "जोड ढिला ठेवला असणार तुमी. जावा, बघा. तुमचीच चूक निघाली तर तिकडनंच घरी जावा." मी स्वतःला शिव्या घालत मोपेड हाणली.

शिडी लावून जोड तपासला, घट्ट. वायर तपासली, शाबूत. मग भिंगाकडे पाहिलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. भिंगावर बरोब्बर मधोमध हळद, तिच्यावर कुंकवाचं ठसठशीत बोट आणि चिकटलेल्या अक्षता! नव्या गाडीला कुंकू, नव्या मिक्सरला कुंकू, सगळं मान्य. पण ज्याने बघायचं त्याच्याच डोळ्यात कुंकू? काही तारतम्य असतं की नाही? "आजी, हे काय केलासा ओ? माझं काम गेलं असतं की!" मी शिडीवरूनच ओरडले.

आजी पदराचं टोक चुरगाळत उभ्या होत्या. "रागवू नगंस, पोरी. पयलं काम म्हणालीस, लई कौतुक वाटलं बघ. तुज्या कपाळाला बोट लावावं म्हणून करंडा घ्यायला उठलेते. मग तुजा मोकळा गळा दिसला, तुजं मालक न्हाईत हे ध्यानात आलं, आनि हात रेटला न्हाई. तू गेल्यावर स्टुलावर चढून तुज्या कामाला लावलं."

मला रडू फुटलं, आणि राग तर त्याहून अधिक आला. पण तो आता त्या बिचाऱ्या आजींवर कसा काढावा? त्यांच्या हाताला कुणी अडवलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं का?

मी भिंग पुसलं आणि मिस्त्रींना फोन लावला. सगळं ऐकून ते पोट धरून हसले. "जोड पक्का हाय न्हवं? मग या की दुकानात, उद्याचं काम ठरवायचं हाय."

खाली उतरले. "आजी, तो करंडा आणा. कॅमेऱ्याला नको, मला लावा."

आजींनी करंडा आणला, कुंकवात बोट बुडवलं आणि धास्तावून वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. "पोरगा बघत असंल."

"बघू दे की," म्हणत मी कपाळ पुढे केलं.