कागद येईपर्यंत

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि त्या साली दुष्काळ पडला होता. मी एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. एका सकाळी औशाकडच्या खेड्यातून एक सासू सुनेला घेऊन आली. सून पंचविशीची, दुष्काळी कामावर खडी फोडणारी. आदल्या दिवशी तिथल्या मुकादमानं तिच्यावर जबरदस्ती केली होती. सासूनं हे माझ्या कानात सांगितलं. सून भिंतीकडे बघत राहिली.

डॉक्टर म्हणाले, पोलिसांचं पत्र आल्याशिवाय हात लावता येणार नाही. सासू ठाण्यात गेली. तुमच्या गावाचं दप्तर अजून जुन्या जिल्ह्यातून आलं नाही, उद्या या, असं सांगून तिला परत पाठवलं. तोवर अंग धुवायचं नाही, लुगडं बदलायचं नाही, हे सुनेला मीच सांगितलं. वॉर्डातल्या बायका खोदून विचारायला लागल्या म्हणून तिला ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं. कुणी दार लोटलं की ती उठून उभी राहायची.

दुपारी टँकर आला. बादल्यांचा आवाज ऐकून ती म्हणाली, "सिस्टरबाई, एक तांब्या तरी द्या. आंगाला त्याचा वास यायलाय."

पाणी माझ्याजवळ होतं. पण दिलं असतं, तर तपासणीत काही आढळलं नाही असा शेरा पडला असता. "उद्या," मी म्हणाले. तिनं पुन्हा मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. डॉक्टरांच्या मागोमाग कंपाउंडर आणि हवालदारही आत शिरले. ती टेबलाच्या कोपऱ्याला सरकली.

"साहेब, तिला विचारल्याशिवाय कुणी आत थांबायचं नाही." मी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि दोघांना बाहेर घालवलं. काय करणार ते मी आधी तिला सांगायचे, ती "हाव" म्हणायची. एकदा "न्हाई" म्हणाली, तेव्हा डॉक्टर थांबले.

नंतर तिला दोन बादल्या दिल्या आणि मी न्हाणीच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. पाण्याचा आवाज थांबल्यावरही ती बराच वेळ बाहेर आली नाही. मला मात्र संध्याकाळी मेमो मिळाला, वरिष्ठांशी उद्धट वागल्याचा.

महिन्याभरानं सासू सुनेसाठी गोळ्या न्यायला आली. मुकादम जामिनावर सुटून पुन्हा कामावर आला होता, फक्त हजेरी आता दुसरा घेत होता. सूनही तिथंच जात होती.

"दुसरं काम कुठं हाय गावात?" सासू म्हणाली.

मी गोळ्यांची पुडी बांधून दिली.